चिकटा काढताना

शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा आमचा एक विद्यार्थी रविवारी अम्मीसोबत घरी आला. वाद्य शाळेचे. माउथपीसवर वरचे दात टेकतात तिथली रबरी चकती निघाली होती आणि खाली काळपट चिकटा उरला होता. पोराने तो कंपासच्या टोकाने खरवडून पाहिला, एक ओरखडा उठला, म्हणून आठवडाभर कुणाला सांगितलेच नाही. अम्मींनी पर्समधून नेलपॉलिश काढायची बाटली काढली. "सर, याने निघेल ना?"

आम्ही ती बाजूला ठेवायला सांगितली. तिच्यात बहुधा अ‍ॅसिटोन असते आणि त्याने प्लास्टिक विरघळते. थिनर, पेट्रोलही नको. वस्तू तोंडात जाणारी आहे. काही माउथपीस प्लास्टिकचे, तर काही एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे असतात. एबोनाइट गरम पाण्याने आणि उन्हाने हिरवट-तपकिरी पडते, वासही येतो. वरून दोन्ही काळेच दिसतात, म्हणून दोघांनाही चालेल तेच करावे.

आधी रीड आणि ती धरणारी पट्टी काढली. कोरड्या अंगठ्याने चोळल्यावर अर्धा चिकटा वळकट्या होऊन निघाला. उरलेल्यावर कापसाने खोबरेल तेलाचे दोन थेंब लावले आणि दहा मिनिटे थांबलो. मग सुती कापडाने पुसले; राहिले तिथे पुन्हा तेच केले. शेवटी साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून बोटाने धुतले, भरपूर पाण्याने खळबळले आणि सावलीत वाळवले. खालच्या टोकाच्या बुचाला तेल-पाणी लागू दिले नाही. नवी चकती लावायची तर तेलाचा अंशही राहता कामा नये, नाहीतर ती चिकटणार नाही.

ब्लेड मात्र कुठेच लावू नये. टोक आणि रीड यांच्यामधली फट जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. टोकाची कड जराशी घासली तरी सूर बिघडतो. पोराचा ओरखडा नशिबाने वरच्या बाजूला होता. तिथे आवाजाला धोका नाही.

"मग बँडच्या सरांना सांगायची गरज नाही ना?" त्याने विचारले.

"आहे," आम्ही म्हणालो. "चिकटा तेलाने निघतो. लपवलेली गोष्ट सांगितल्यावरच सुटते."

सोमवारी तो स्वतः सांगून आला. दंड झाला नाही. दुपारी बँडच्या खोलीतून क्लॅरिनेट ऐकू आली, तेव्हा आम्ही वर्गाचे दार उघडेच ठेवले.