गोळी नको? मग वही हवी!

‘अर्धं डोकं दुखतंय’ एवढंच उमरखेडात चार माणसांत बोलून पाहा. पाच मिनिटांत पाच उपाय मिळतात. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खा. नाकात गाईचं तूप सोड. कपाळाला सुंठीचा लेप लाव. अमुक गावात एक बाबा अर्धशिशी उतरवून देतात, तिकडे जाऊन ये. आणि काहीच जमलं नाही, तर मेडिकलवाला पट्टी कापून दोन गोळ्या हातावर ठेवतोच!

ज्यांना हे दुखणं नाही, त्यांना यात गंमत वाटेल. पण अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, ही साधी डोकेदुखी नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो. एक झटका 4 ते 72 तास टिकू शकतो. तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल, आणि त्यातले किमान 8 दिवस मायग्रेनचे असतील, तर डॉक्टर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. म्हणजे अर्धा महिना गेला. त्यात प्रॅक्टिकल येतं, पेपर येतो, भरतीचं ग्राउंड येतं. मुलींमध्ये हा त्रास मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि ‘नाटकं करते’ हे ऐकावं लागतं ते वेगळंच.

अशा वेळी ‘गोळ्या नकोत, दुसरं काही सांगा’ असं कुणी म्हणालं, तर ते चूक नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा मायग्रेनच्या खास गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. पट्टीवर पट्टी संपते आणि दुखणं वाढतच जातं.

मग दूध-जिलेबी खरी का? इथं नीट विचार करायला हवा. मायग्रेनचा झटका काही केलं नाही तरी थांबतो. शिवाय आपण उपाय शोधायला निघतो ते त्रास अगदी टोकाला गेला की. त्यानंतरचा आठवडा बहुतेक वेळा जरा बराच जाणार असतो. त्याआधी जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं. जिलेबीला, लेपाला, नाहीतर बाबाला! म्हणून ‘मला फरक पडला’ हे खरं असलं, तरी ‘त्यामुळेच पडला’ हे त्यातून सिद्ध होत नाही.

तरीही बिनगोळीच्या काही उपायांची नीट परीक्षा झालेली आहे. दिल्लीच्या एम्समधला योगाचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. मायग्रेनच्या 114 रुग्णांपैकी काहींना फक्त औषधं दिली, काहींना औषधांसोबत योगासनं आणि प्राणायाम. तीन महिन्यांनी योग करणाऱ्या गटात महिन्याचे झटके सरासरी 9.1 वरून 4.7 वर आले. फक्त औषधं घेणाऱ्यांचे 7.7 वरून 6.8 वर. त्यांच्या गोळ्याही कमी झाल्या. पण लक्षात घ्या, योग औषधांच्या जोडीला होता, औषधांऐवजी नव्हता. स्वीडनमध्ये 2011 च्या एका छोट्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा 40 मिनिटांचा व्यायाम, शरीर सैल सोडण्याचा सराव आणि टोपिरामेट हे औषध यांची तुलना झाली. तिन्हींनी झटके कमी झाले आणि तिघांत मोठा फरक दिसला नाही.

उलट ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. बटरबर नावाच्या वनस्पतीची शिफारस अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांच्या संस्थेने आधी केली आणि यकृताला धोका दिसल्यावर 2015 मध्ये मागे घेतली. इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांच्या 2008 मधल्या तपासणीत साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. लेबल नसलेली पुडी म्हणूनच नको.

मग करायचं काय? वीस रुपयांची वही घ्या. पहिला महिना काहीच बदलू नका, फक्त लिहा. डोकं कधी दुखलं, किती तास, दहापैकी किती, किती गोळ्या घेतल्या, झोप किती झाली, जेवण चुकलं का, ऊन लागलं का, पाळी कधी आली. ढाणकी, मुळावा, विडूळहून सकाळची एसटी धरणारे कितीतरी जण उपाशीपोटी निघतात. उपास, जागरण आणि ऊन ही मायग्रेन उठवणारी ठरलेली कारणं आहेत. कुणाचं काय, ते वहीच सांगेल. मग एकच बदल करा. ठरलेल्या वेळी झोप, किंवा डबा खाऊनच निघणं, किंवा योग. आठ ते बारा आठवडे करा आणि महिन्याचे दिवस मोजा. बारावरून सहावर आले, तर उपाय तुमच्यासाठी कामाचा. बाराचे अकरा झाले, तर सोडा आणि दुसरा धरा. पाच उपाय एकदम सुरू केले, तर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही.

हीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मेंदूविकारतज्ज्ञासाठी आपल्याला नांदेड किंवा यवतमाळ गाठावं लागतं. तिथं मिळणाऱ्या दहा मिनिटांत ही दोन पानं फार उपयोगी पडतात. रोजची औषधं चालू असतील तर मनानं बंद करू नका. प्रोप्रानोलॉलसारखी गोळी अचानक सोडणं धोक्याचं असतं. आणि आजवर कधीच नव्हतं एवढं दुखणं अचानक उठलं, तापासोबत मान ताठली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखायला लागलं, तर वही नाही, लेप नाही, थेट दवाखाना.

आता एक गोष्ट कॉलेजांसाठी. 21 जूनला सगळीकडे मैदानावर चटया पडतात, फोटो निघतात आणि 22 जूनला चटया गुंडाळल्या जातात. एम्समधल्या रुग्णांना फरक पडला तो तीन महिन्यांच्या नियमित सरावानं. आठवड्यातून तीन सकाळी, जिमखान्यात, शिकवणाऱ्या माणसासह योगाचा वर्ग चालवायला फार पैसा लागत नाही. डोकं धरून बसलेल्या मुलीला अंधाऱ्या, शांत खोलीत तासभर पडू द्यायला तर काहीच लागत नाही. विद्यार्थी प्रतिनिधींनी पुढच्या बैठकीत या दोन मागण्या प्राचार्यांसमोर ठेवाव्यात.

दूध-जिलेबी खायची तर खुशाल खा. पण त्याचीही तारीख वहीत लिहा!