रण आपल्या बांधावरचं

जानेवारीत आमच्या ग्रुपमधले तिघे कच्छच्या रणात जाऊन आले. मग आठवडाभर सगळ्यांच्या स्टेटसला तेच. पांढरीशुभ्र जमीन, निळं आकाश, मध्ये उडणारी लाल ओढणी. फोटो झक्कास होते, खोटं कशाला बोलू? मीठ कॅमेऱ्याला आवडतंच. बोलिव्हियातलं सालार दे उयुनी तर दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं. पावसाचं पाणी साचलं की त्याचा आरसा होतो आणि जगभरातले फोटोग्राफर तिकडे धावतात. कॅनडाच्या एडवर्ड बर्टिन्स्कीनं छोट्या रणातली मिठागरं हवेतून टिपलीत. चौकोनांची रांगोळीच जणू! एवढ्या उंचीवरून मिठात राबणाऱ्या अगरियांचे पाय मात्र दिसत नाहीत.

मला आठवलं मामाचं शेत. संगमनेरच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या कालव्यावर. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी या पट्ट्यात ऊस आणला, पैसा आणला. पण काळ्या जमिनीत निचरा कमी, त्यात उसाला मोकाट पाणी, वर कालव्याचा पाझर. जमिनीखालचं पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार वरच राहतात. मामाच्या खालच्या तुकड्याला असंच मीठ फुटलंय. तिथे आता गवतही धड येत नाही.

मार्चमध्ये पहाटेच मोबाइल घेऊन गेलो. पहिला फोटो राखेसारखा करडा आला. समोर सगळंच पांढरं असलं की कॅमेरा फसतो, उजेड कमी करून टाकतो. स्क्रीनवर बोट ठेवून ब्राइटनेस वर सरकवला, कोवळं तिरपं ऊन येऊ दिलं, तेव्हा कुठे भेगा आणि पापुद्रे उठून दिसले. ग्रुपवर टाकला तर पहिली कमेंट : ‘भावा, कुठलं रण हे?’

मला ते लागलं. चूक माझीच. कडेचा पिवळा पडलेला ऊस मी फ्रेमबाहेर ठेवला होता, फोटो ‘क्लीन’ दिसावा म्हणून!

मामाला फोटो दाखवला. तो म्हणाला, ‘‘काढ की, पण गावाचं नाव टाकू नको. उद्या जमिनीला गिऱ्हाईक मिळायचं नाही.’’

त्याचं चुकतंय असं म्हणायला जीभ रेटत नाही. तरी मला पटत नाही. यावर उपाय आहे, चर खोदायचे किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायचे. पण ते पाणी पुढे न्यायचं तर चार जणांच्या शेतातून वाट लागते. ज्यानं त्यानं आपलं मीठ झाकून ठेवलं तर ती वाट देणार कोण? म्हणून ज्यांच्या घरी अशी जमीन आहे त्यांनी दर महिन्याला एकाच जागेवरून, ऊस आणि बांध दिसेल असा फोटो काढावा. पांढरा डाग कुठवर सरकला, ते फोटो शेजारी शेजारी ठेवले की कळतं.

मी विहिरीच्या कठड्यावरून सुरुवात केलीय, तीन फोटो झालेत. या लेखातही गावाचं नाव नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मामाशी बोलणी चालू आहेत.