नुसत्या घोटाळ्याने सत्ता पडत नाही



जपानचे नाव निघाले की शहाणी माणसे सांगतात, तिथे घोटाळा उघडा पडला की सरकार पडते. आम्ही म्हणतो, हे अर्धेच खरे आहे.

माजी पंतप्रधान तानाका यांना लॉकहीड लाच प्रकरणात ऑक्टोबर १९८३ मध्ये चार वर्षांची सजा झाली. दोनच महिन्यांनी निवडणूक आली. निईगाता हा भाताचा मुलूख. तिथल्या मतदारांनी तानाकांना २ लाख २० हजारांवर मते दिली. इतकी मते त्यांना आधी कधीच पडली नव्हती. का? रस्ते, बोगदे, बुलेट ट्रेन त्यांच्यामुळे आली, अशी लोकांची भावना होती. बांधलेले मत घोटाळा पाहत नाही, आपला वाटा पाहते.

मग १९८९ मध्ये काय घडले? रिक्रूट कंपनीने पुढाऱ्यांना शेअर वाटल्याची भानगड आदल्या वर्षी फुटली होती. पण १ एप्रिल १९८९ पासून प्रत्येक खरेदीवर ३ टक्के कर बसला. त्याआधी १९८८ च्या करारात अमेरिकेच्या गोमांसाला आणि संत्र्यांना दार उघडून दिले होते. शहरातली गृहिणी चिडली, गावातला शेतकरीही चिडला. ठिणगी घोटाळ्याची, सरपण खिशाला बसलेल्या चटक्याचे! जुलैमध्ये वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष ३६ जागांवर आला. समाजवाद्यांनी ४६ जिंकल्या.

पण राग टिकला किती? फेब्रुवारी १९९० मध्ये कनिष्ठ सभागृहात ५१२ पैकी २७५ जागा घेऊन तोच पक्ष पुन्हा बहुमतात!

कुठल्याच पक्षाला न बांधलेला मतदार असा असतो. तो उठतो, तडाखा देतो, घरी जातो. जून २००० मध्ये पंतप्रधान मोरी बोलून गेले, की असे मतदार झोपून राहिले तर बरे. पुढाऱ्याच्या पोटातले ओठावर आले. मतदान घटले की सहकारी संस्था, कंत्राटदार, पोस्टमास्तर यांची बांधलेली मते भारी ठरतात.

२००७ मध्ये पेन्शनच्या सुमारे ५ कोटी नोंदींचा मेळ लागेना. त्याच वेळी विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाने उत्पादन खर्च आणि विक्रीची किंमत यांतला फरक शेतकऱ्याला थेट देण्याचे वचन दिले. एकेका जागेच्या २९ मतदारसंघांत, बहुतेक ग्रामीण भागात, सत्ताधाऱ्यांच्या हाती फक्त ६ जागा लागल्या. २००९ मध्ये सरकार बदलले, २०१० पासून भाताला रक्कम मिळू लागली. २०१२ मध्ये जुना पक्ष परतला. २०१४ पासून रक्कम निम्मी झाली, २०१८ पासून बंद!

२०२४ मध्ये पक्षनिधीचा लपवलेला हिशेब बाहेर आला, जोडीला महागाई होती. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष ४६५ पैकी १९१ वर घसरला. तरीही शंभरातले सेहेचाळीस मतदार घरीच बसले.

हिशेब सरळ आहे. बांधलेल्या मताला पुढारी गृहीत धरतात. सुट्या मताला भितात, पण मतमोजणीपुरतेच. म्हणून मत मोकळे हवे आणि मागणी मात्र बांधलेली हवी. सरकार पाडणे हे एका दिवसाचे काम आहे. पदरात पडलेले राखणे हे रोजचे आहे.