उपास वाढवून पोट जात नाही

पंचेचाळिशी ओलांडली, पाळी मागेपुढे होऊ लागली आणि ब्लाउज दंडात, परकर कमरेत घट्ट झाला, की घरोघरी एकच उपाय निघतो: रात्रीचा भात बंद आणि आठवड्याला आणखी एक उपास. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. नोकरी, मुलांची बारावी, सासूबाईंचं दुखणं असं सगळं एकदम अंगावर असतानाच ही उपासमार सुरू होते. ती थांबायला हवी.

अमेरिकेतल्या 'स्वान' अभ्यासात १९९६पासून तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या प्रकृतीची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. त्यातून २०१९ साली एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. पाळी जाण्याच्या काळात चरबी वाढण्याचा वेग दुप्पट होतो आणि स्नायू झिजू लागतात. वजन मात्र आधीच्याच गतीने वाढत राहतं. म्हणजे खरा बदल काट्यावर दिसतच नाही. इस्ट्रोजेन घटलं की मांड्यांवर साठणारी चरबी पोटात जमू लागते, आणि मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढवणारी चरबी हीच.

आपल्याकडे ही अडचण मुळातच मोठी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! म्हणूनच भारतीय स्त्रीने कमरेचा घेर मोजावा; तो ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

आता उपासाचं ताट पाहू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच. स्नायू आधीच झिजत असताना हे ताट त्यांना काय देणार? साठ किलोच्या बाईला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर पातेल्यात उरलेल्या पातळ आमटीतून ती मिळत नाहीत. मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडी किंवा मासळी तिच्या ताटात आधी पडायला हवी. पाळी गेल्यावर कॅल्शियमची गरज रोज १२०० मिलिग्रॅमवर जाते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशेहून अधिक मिलिग्रॅम असतं.

नुसतं चालणंही पुरत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओट्याला धरून उठाबशा, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, इथूनही सुरुवात होते. अंगातून वाफा निघून रात्रीची झोप मोडत असेल, तर सोसत न बसता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. संप्रेरकांची औषधं अनेकींना चालतात. वजन उतरवण्यासाठी मात्र ती नसतात.

काहींची पाळी तर वयानुसार जातच नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या हजारो बायकांची गर्भाशयं काढल्याचं २०१९मध्ये उघड झालं. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले, तर तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम अंगावर येतात. त्यांना 'फिरायला जा' म्हणण्यात काय अर्थ? आशा कार्यकर्ती तिशीपुढच्या प्रत्येकीच्या तपासणी-अर्जात कमरेचा घेर विचारतेच. त्याच भेटीत पाळी कधी गेली, गर्भाशय काढलं का, रोज डाळ किती खाता, हेही विचारावं आणि गरज असेल तिला आरोग्य केंद्रातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळाव्यात.