मंगळावरची चोरी आणि माझी चूक



विज्ञान दिनी नववीच्या मुलांनी एक रहस्यखेळ केला. काळ शंभर वर्षांनंतरचा, स्थळ मंगळावरची वसाहत. तिथली प्राणवायूची टाकी चोरीला गेली आहे. कोणी कप्तान, कोणी डॉक्टर, कोणी इंजिनिअर. आपापली भूमिका सांभाळत सगळ्यांनी मिळून चोर शोधायचा. पुरावा म्हणून एका गटाने रेकॉर्डिंग तयार केले. इंजिनिअर झालेल्या मुलीच्या तालमीतल्या बोलण्याचे तुकडे मोबाइलवर तोडून-जोडून त्यांनी वाक्य बनवले, "होय, चोरी मीच केली." वसाहतीने तिला दोषी ठरवले. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "पुन्हा लावा." ऐकतात तर मागे टेंपोचा हॉर्न! मंगळावर टेंपो कुठला? पुरावा बनावट ठरला, टाळ्या पडल्या.

मी त्या दिवशी भोपाळला बैठकीला गेलो होतो. सोमवारी एका पालकांनी मला तेच एक वाक्य मोबाइलवर ऐकवले. मागचे-पुढचे काही नव्हते. मी मुलीला ऑफिसात बोलावले आणि दोन शिक्षकांसमोर विचारले, "काय चोरलेस?" ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, ती चोरी मंगळावरची आहे."

हिंदीत शिकलेला मी. 'दूध का दूध, पानी का पानी' हे लहानपणापासून ऐकत आलो; पण त्या दिवशी दूध-पाणी वेगळे करण्याआधीच पेला ओठाला लावला. त्या मुलीची आणि तिच्या आईवडिलांची मी क्षमा मागितली आहे. इथे सर्वांसमक्ष पुन्हा मागतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. धर्मराजाचे 'नरो वा कुंजरो वा' शंखनादात बुडाले आणि द्रोणाचार्यांच्या कानी अर्धेच वाक्य पडले. शब्द खरे होते, तरी फसवणूक झालीच. आज शंखाचे काम एक बटण करते. आता तर तोडजोडही लागत नाही; आवाजाचा छोटासा नमुना मिळाला, तर संगणक त्या आवाजात हवे ते म्हणून दाखवतो.

न्यायालये याबाबत पूर्वीपासून सावध आहेत. युसुफअली विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा मुंबईतल्या लाचेचा खटला. त्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने टेपवरचे संभाषण पुरावा म्हणून मानले, पण टेप पुसता येते, तिच्यात फेरफार करता येतो, म्हणून ती जपूनच स्वीकारावी असेही बजावले. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत आले की नाही, यावर वाद झाला. पुरावा होता निवडणूक कचेरीतले चित्रीकरण. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण हजर नसेल, तर नकलेसोबत जबाबदार व्यक्तीच्या सहीचे प्रमाणपत्र हवे. थोडक्यात, रेकॉर्डिंगच्या मागे एक माणूस उभा हवा. मला ऐकवलेल्या वाक्यामागे कोणीच नव्हते.

हा खेळच बंद करावा, अशी सूचना आली आहे. सूचनेमागची काळजी मला समजते, पण माझे मत वेगळे आहे. दिवंगत जयंत नारळीकरांची गंगाधरपंतांच्या पानिपताची विज्ञानकथा अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातून अनेकांनी वाचली असेल. पानिपत म्हटले की आपण ग्वाल्हेरकर कान टवकारतोच! त्या कथेत दुसऱ्या जगातून आलेले बखरीचे एक फाटके पान हाच पुरावा आहे. पण पंत नुसते पान दाखवून थांबत नाहीत. नेहमीच्या बखरीतल्या मजकुराशी ते ताडून दाखवतात. आमच्या नववीतल्या मुलानेही 'पुन्हा लावा' म्हणून तेच केले. मुख्याध्यापकाला जे सुचले नाही ते चौदा वर्षांच्या मुलाला सुचले. असा खेळ बंद कशाला करायचा?

खेळात खोटा पुरावा चालतो, कारण खेळाडूंना तो खेळ असल्याचे ठाऊक असते आणि शेवटी सत्य उघड होते. तोच पुरावा खेळाबाहेर गेला, की एका मुलीची अब्रू पणाला लागते.

म्हणून खेळ पुढच्या वर्षीही होईल, पण तीन नियमांनी. ज्याचा आवाज वापरायचा त्याची आणि घरच्यांची परवानगी आधी घ्यायची. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला व शेवटी 'हा खेळ आहे' असे म्हणायचे. खेळ संपल्यावर ते शिक्षकांसमोर पुसायचे.

चौथा नियम माझ्यासाठी. संपूर्ण रेकॉर्डिंग आणि ते करणारी व्यक्ती समोर असल्याशिवाय यापुढे कोणत्याही विद्यार्थ्याला ऑफिसात जाब विचारला जाणार नाही. हा नियम शाळेच्या नियमावलीत घालावा, अशी विश्वस्तांना विनंती आहे.

पालकांना एवढेच सांगणे, की कोणाच्या मुलाचे असे काही मोबाइलवर आले, तर पुढे पाठवण्याआधी त्या घरी एक फोन करा. कानात आणि डोळ्यात चार बोटांचे अंतर असते, असे आपले वाडवडील सांगत. आता डोळ्यांनी पाहिलेलेही तपासून घ्यावे लागेल.