मुलं वाढवायला कॉलेज कशाला?

भाची बारावी पास झाली म्हणून मध्यंतरी पेढे खायला इंदापूरला ताईकडे गेले होते. बारामतीहून एस.टी.नं भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत पोचले, तर घरात आनंद कमी नि रुसवाच जास्त! भाचीला पुण्याला जाऊन 'बालविकास' हा विषय शिकायचा होता आणि दाजींना ते मुळीच पसंत नव्हतं.

"सायन्सला चांगले मार्क आहेत. बी.फार्म. करावं, नर्सिंग करावं. मुलं सांभाळायची कसली डिग्री? आमच्या आईनं सात मुलं वाढवली, ती कुठल्या कॉलेजात गेली होती?"

भाकरी थापता थापता ताई हळूच म्हणाली, "नऊ झाली होती. सात राहिली."

घटकाभर कुणीच बोललं नाही. मग भाची म्हणाली, "मावशी, तू तरी सांग ना!"

मी काय सांगितलं, ते तुम्हांलाही सांगते. कारण हा प्रश्न आज नाही तर उद्या तुमच्याही घरी येईल.

आधी माझ्याच घरातली गोष्ट. माझा धाकटा अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "याचा बापही उशिराच बोलला." ज्यांना दाखवलं ते डॉक्टरही म्हणाले, "बोलेल, घाई काय?" मी स्वतः बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी. पण मीही गप्प बसले. मुलगा हसरा होता, हाताला धरून हवं ते दाखवायचा. आम्ही म्हणायचो, जरा आळशी आहे झालं!

त्याला बालवाडीत घातलं, तिथं बालविकास शिकून आलेली एक तरुण मुलगी होती. तिनं पंधरा दिवस त्याला नुसतं पाहिलं. मग एकदा तो खेळत असताना त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि वाटीवर चमचा वाजवला. सगळी मुलं वळली, आमचा वळला नाही. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "वहिनी, मी डॉक्टर नाही, पण याचे कान तपासून घ्या. आपण समोरून बोलतो म्हणून तो चेहरा नि हात बघून ओळखतो."

तपासणी झाली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. यंत्रं लावली, बोलण्याचे उपचार सुरू झाले. आज तो चौथीत आहे, बोलतो, भांडतोसुद्धा! 'र' अजून नीट येत नाही. पण वेळेवर कळलं असतं तर किती फरक पडला असता, हा सल माझ्या मनातून जात नाही. मूल जन्मल्यावर पहिल्या महिन्यात कानांची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा आता तज्ज्ञांचा दंडक आहे. वर्षाच्या सुमारास एखादा शब्द आणि दोन वर्षांच्या सुमारास 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडून आले नाहीत, तर 'बोलेल, बोलेल' म्हणत थांबू नये. हे तेव्हा आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दाजी," मी म्हटलं, "माया आपल्या सगळ्यांकडे होती. पण बघायचं कसं, ते त्या मुलीला शिकवलेलं होतं. तेच हे शिक्षण!"

कॉलेजात असतं तरी काय? गर्भारपणापासून मुलाची वाढ कशी होते, कुठल्या महिन्यात काय यावं, आहार, भाषा, खेळ, भीती, हट्ट, किशोरवयातल्या अडचणी, अपंग मुलांच्या गरजा, हे सगळं असतं. आता या विषयाला बहुतेक ठिकाणी 'मानव विकास' म्हणतात. बरोबर प्रात्यक्षिकंही असतात. बालवाडीत बसून मुलांची निरीक्षणं लिहायची. 'हट्टी आहे' असं लिहून चालत नाही. 'दहा मिनिटांत तीनदा पाटी फेकली, आधी शेजारच्या मुलानं खडू ओढला होता' असं लिहावं लागतं. मैत्रिणींनो, घरीसुद्धा एक दिवस असं लिहून बघा. निम्मा राग तिथंच जिरतो!

आणि हे काही परक्या मुलखातलं खूळ नव्हे. मोरगावच्या गणपतीला आपण जातोच ना? त्याच मोरगावात, आपल्या बारामती तालुक्यात, १९१० साली अनुताई वाघ जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांच्या ग्राम बाल शिक्षा केंद्रात गेल्या आणि पुढे १९५७ मध्ये त्या कामाबरोबर कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असं या दोघींनी ठरवलं. तीच 'अंगणवाडी'. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. अनुताईंनी पदवी घेतली ती पन्नाशी गाठल्यावर! तेव्हा 'आता आमचं काय वय राहिलं' म्हणणाऱ्या भगिनींनीही हे ध्यानात ठेवावं.

"पण नोकरीचं काय?" दाजींनी मुद्द्याचं विचारलं. विचारायलाच हवं. मी गोड गोड सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारनं एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली. आज अंगणवाडी गावोगावी आहे. अंगणवाडी सेविकेला पगार नव्हे, मानधन मिळतं, आणि तेवढ्यावर घर चालत नाही. त्यासाठी पुण्याला जाऊन तीन-चार वर्षं घालवायची गरजही नाही, बारावी पुरते. मात्र तिच्या वरची पर्यवेक्षिका आणि त्याच्याही वरचे बालविकास प्रकल्प अधिकारी, या जागांना पदवी लागते आणि स्पर्धा परीक्षा द्यावी लागते. पदवीबरोबर ती तयारीही हवी.

दुसरी वाट शिकवण्याची. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पाया मानलं आहे, त्यामुळे शिकलेल्या बालशिक्षिकेचं महत्त्व वाढलं आहे. पण खाजगी बालवाडीतले पगार बहुधा तुटपुंजे असतात, हेही खरं. एम.एस्सी. करून नेट उत्तीर्ण झाली तर कॉलेजात शिकवण्याची वाट उघडते. विशेष मुलांची शिक्षिका व्हायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. वाचा-उपचाराची पदवी वेगळी, मानसोपचाराची वेगळी. नुसती बालविकासाची पदवी घेऊन कुणी 'मुलांची डॉक्टर' होत नाही, हे भाचीलाही बजावलं.

तिसरी वाट पाळणाघराची. ५० किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, असं कायदा २०१७ पासून सांगतो. आपल्या बारामतीच्या एमआयडीसीत किती बायका कामाला जातात, ते सकाळी रस्त्यावर उभं राहून पाहावं. आणि साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की फडाजवळच्या कोप्यांतून ऊसतोडणीवाल्यांची मुलं दिसतात ना? धाकट्याला कडेवर घेतलेली सहा वर्षांची ताई! त्या मुलांकडे बघणारं कुणी शिकलेलं माणूस नको का?

ज्यांच्या घरी असाच विचार चालला असेल, त्यांच्यासाठी थोडी माहिती. पुण्यात एस.एन.डी.टी. विद्यापीठाचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे, मुंबईत निर्मला निकेतन आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातही हा विषय आहे. तिथं गृहविज्ञानाला आता 'सामुदायिक विज्ञान' म्हणतात. घर सोडता येत नसेल तर इग्नूचा बालसंगोपन व शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम बारावीनंतर घरबसल्या करता येतो. प्रवेशाचे नियम बदलतात, म्हणून चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. आणि कॉलेजात गेलात की चार गोष्टी जरूर विचाराव्या: प्रात्यक्षिकासाठी बालवाडी आहे का? वसतिगृहाचा एकूण खर्च किती? पुढे एम.एस्सी.ची सोय आहे का? आणि गेल्या दोन-तीन वर्षांतल्या मुली आज कुठं काम करतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ मिळालं नाही, तर दुसरं कॉलेज पाहावं.

ताईला मात्र मी वेगळं सांगितलं. "लग्नानंतर उपयोग होईल म्हणून शिकवू नकोस. शिकवायचं तर पुरतं शिकव, तिच्या पायावर उभी राहीपर्यंत. मधेच स्थळ आलं म्हणून थांबवलंस, तर हे शिक्षण ना घरचं ना दारचं."

ताई काही बोलली नाही. दाजीही 'बघू' एवढंच म्हणाले. मी संध्याकाळच्या एस.टी.नं परत आले.

परवा ताईचा फोन आला. सोमवारी दाजी भाचीला घेऊन पुण्याला कॉलेज बघायला जाणार आहेत. अजून 'हो' म्हणालेले नाहीत. पण ते चार प्रश्न त्यांनी कागदावर लिहून घेतले आहेत आणि खाली स्वतःचा पाचवा घातला आहे: 'वसतिगृहात जेवण कसं असतं?'

बापाचंच मन ते! मला वाटतं, जमेल.