गोळी जागं ठेवते, पण प्रश्न कुठला सोडायचा?

यूपीएससीची पूर्वपरीक्षा जवळ आली की दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमधल्या अभ्यासिकांत चहाच्या कपाशेजारी झोप उडवणाऱ्या मोडाफिनिल गोळ्यांची पट्टी दिसू लागते. लातूर, परभणी, धुळ्याकडून आलेली आपली मुलं नोट्सची झेरॉक्स द्यावी तशी ती एकमेकांना देतात. "सर, झोप येत नाही, वाचन होतं," एकानं सांगितलं. खोटं नाही ते. पण जागं राहणं आणि नीट विचार करणं या दोन गोष्टी आहेत.

दिवसभरात मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठतं आणि पेंग येते. कॅफीन त्याची जागा अडवतं, त्यामुळे पेंग जाणवत नाही. थकवा मात्र आत तसाच राहतो. मिथाइलफेनिडेट या औषधाचं काम वेगळं. चेतापेशीनं सोडलेलं डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन पुन्हा आत ओढलं जातं. हे औषध ती परतीची वाट रोखतं, म्हणून ही रसायनं दोन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ टिकतात. अ‍ॅम्फेटामिन तर पेशीत शिरून साठवलेलं डोपामिनच बाहेर ढकलतं. मोडाफिनिलही वाट अडवतं, पण सौम्यपणे.

जिथे गरज आहे तिथे ही औषधं मोलाची आहेत. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामिनच, दिलं आणि जवळपास निम्म्या मुलांचं शाळेतलं काम एकदम सुधारलं. आज लक्ष टिकत नसलेल्या, म्हणजे एडीएचडी असलेल्या मुलाला मिथाइलफेनिडेट देतात, दिवसा अनावर झोप येणाऱ्या नार्कोलेप्सीच्या रुग्णाला मोडाफिनिल. आणि वेळेआधी जन्मलेलं बाळ मध्येच श्वास थांबवतं तेव्हा डॉक्टर त्याला कॅफीन देतात. पहिला डोस किलोमागे २० मिलिग्रॅम कॅफीन सायट्रेट. एक किलोचं बाळ, काचेच्या पेटीत, आणि त्याचा श्वास चालू ठेवणारं औषध आपल्या चहातलंच!

निरोगी माणसाचं काय? २०२३ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये आलेल्या एका प्रयोगात ४० निरोगी तरुणांना मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल, डेक्सअ‍ॅम्फेटामिन आणि खोटी गोळी आलटून पालटून दिली होती. मग त्यांना सोडवायला दिलेलं कोडं असं, की वजनाची मर्यादा सांभाळून पिशवीत जास्तीत जास्त मोलाच्या वस्तू भरायच्या. औषध घेतल्यावर त्यांनी मेहनत वाढवली, पण निवड खालावली. खोट्या गोळीवर सरस ठरलेले बरेच जण औषधानंतर सरासरीच्या खाली गेले.

पूर्वपरीक्षा नेमकी हीच निवड मागते. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात दोन तासांत १०० प्रश्न, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे त्याच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो. कुठला प्रश्न सोडायचा हे ज्याला कळतं तो पुढे जातो. झोप अपुरी राहिली की ती पारख ढासळते, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होतं तेही झोपेत. रात्र खाऊन केलेलं वाचन इथेच तोट्यात जातं.

दुसरी बाजू, गरज असलेल्यांनी औषध टाळण्याची, मला जास्त टोचते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या कासना भागात मेथॅम्फेटामिन या नशेच्या पदार्थाचा बेकायदा कारखाना पकडला गेला, सुमारे ९५ किलो माल सापडला. अशा बातम्या वाचलेल्या पालकांना मुलाचं मिथाइलफेनिडेटही अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे हे कळतं आणि ते उपचारच टाळतात. त्या मुलाचं वर्ष वाया जातं. डॉक्टरांनी वजन, रक्तदाब, भूक तपासत दिलेला डोस आणि चोरून ओढलेली नशा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे त्यांनी पालकांना बसवून, वेळ देऊन सांगायला हवं.

आणि अभ्यासिकेतल्या मुलामुलींनो, चिठ्ठीशिवाय मोडाफिनिल घेऊ नका. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्यानं कमी होतो, हे कुणी मैत्रीण सांगत नाही. गोळी घेतलीच असेल आणि अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.